मायक्रोकंट्रोलरमध्ये कोड टाकायच्या आणि तो तपासायच्या वाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोजेक्टवाली मुलं, दुरुस्तीचं काम करणारे आणि स्वतःचे छोटे बोर्ड बनवून विकणारे लोक मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. ते इथे एका जागी ठेवले आहेत. सगळं सरळ वाचत जायची गरज नाही, आपली अडचण शोधा आणि तिथून सुरुवात करा.

सर, माझ्या बोर्डाला यूएसबी केबल लावली की कोड जातो. मग हा वेगळा प्रोग्रामर कशाला हवा?

कारण तुमच्या बोर्डात कोणीतरी आधीच एक छोटा प्रोग्राम टाकून ठेवला आहे. आर्डुइनो उनो घ्या. त्यातल्या एटीमेगा३२८पीच्या ३२ केबी फ्लॅशच्या (लाइट गेली तरी कोड टिकवणारी मेमरी) अगदी शेवटी ५१२ बाइटचा ऑप्टिबूट हा बूटलोडर, म्हणजेच तो छोटा प्रोग्राम, बसलेला असतो. तुम्ही अपलोड दाबलं की यूएसबीवाली चिप डीटीआर ही लाइन खाली ओढते, ती १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रिसेटला झटका देते, आणि चिप उठताना ऑप्टिबूट क्षणभर कान देतो: सिरियलवर कोणी बोलतंय का? बोलत असेल तर आलेला कोड फ्लॅशमध्ये लिहितो, नसेल तर जुना कोड चालू करतो.

आता लॅमिंग्टन रोडवरून किंवा बुधवार पेठेतून तीच चिप सुटी आणा. ती कोरी. तिच्यात ऑप्टिबूट नाही, त्यामुळे सिरियलवर कितीही हाका मारा, ओ देणारं कोणी नाही. तिथे चिपच्या आतल्या हार्डवेअरशी थेट बोलणारी वाट लागते. त्यासाठी प्रोग्रामर.

आणि दुसरं कारण यापेक्षा मोठं आहे. बूटलोडर कोड टाकू शकतो, पण चालत्या चिपला थांबवून ‘काय चाललंय तुझं?’ हे विचारू शकत नाही.

प्रोग्रामिंग आणि डिबगिंग यात नेमका फरक काय? शेवटी कोड चालला म्हणजे झालं ना?

चालला तर झालंच. न चालला तर काय, हा प्रश्न आहे.

एका शेतातल्या पंप कंट्रोलरची गोष्ट सांगतो. बोर्ड माझाच, चिप एसटीएम३२एफ१०३. तीन-चार दिवसांनी एकदा अडकायचा. डिस्प्ले गोठलेला, बटणं मुकी. लाइट घालवून परत दिली की ठणठणीत. रिसेट केला की पुरावा जातो, आणि टेबलावर आठवडाभर चालवला तरी एकदाही अडकला नाही. नशिबाने बोर्डावर एसडब्ल्यूडी या डिबगिंगच्या वाटेचे (तिच्याबद्दल पुढे सांगतो) चार पॅड सोडले होते. पुढच्या वेळी अडकला तेव्हा मालकाला सांगितलं, ‘हात लावू नका, तसाच राहू द्या.’ लॅपटॉप घेऊन गेलो, चारही पॅडना वायरी लावल्या, आणि रिसेट न देता जोडणी केली. एसटीच्या सॉफ्टवेअरमध्ये याला ‘हॉट प्लग’ म्हणतात. मग प्रोसेसर थांबवला आणि प्रोग्राम काउंटर (कोडची कुठली सूचना चालू आहे तो पत्ता) कुठे उभा आहे ते पाहिलं. तो आयटूसीच्या (चिपांना दोन तारांवर एकमेकींशी बोलू देणारी वाट) एका छोट्या लूपमध्ये उभा होता, बिझी फ्लॅग शून्य व्हायची वाट बघत. तो फ्लॅग कधीच शून्य होणार नव्हता. एसटीच्या एफ१०३ च्या दोषपत्रकात हाच दोष लिहिलेला आहे: आयटूसीचा अ‍ॅनालॉग फिल्टर चुकीची पातळी दाखवू शकतो आणि बिझी फ्लॅग अडकून बसतो. त्यावरचा उपायही तिथेच आहे. मी फक्त त्या लूपला वेळेची मर्यादा घातली आणि तो उपाय कोडमध्ये उतरवला.

पंधरा मिनिटांचं काम. ते चार पॅड नसते तर मी अजून प्रिंटच्या ओळी घालत बसलो असतो.

जेटॅग, जेटॅग सगळे म्हणतात. ते मुळात आहे काय?

गंमत म्हणजे ते डिबगिंगसाठी जन्मलंच नाही. १९८० च्या दशकात चिपचे पाय बारीक आणि जवळजवळ येऊ लागले, बोर्डावरची प्रत्येक जोडणी खिळ्यांच्या गादीवर दाबून तपासणं अवघड झालं. तेव्हा कल्पना निघाली की प्रत्येक पिनेच्या आत एक छोटा कप्पा ठेवू, सगळे कप्पे साखळीत जोडू, आणि बाहेरून बिट सरकवत सोल्डरिंग बरोबर आहे का ते तपासू. १९९० साली ते आयईईई ११४९.१ या नावाने प्रमाण झालं. चिपच्या आत शिरायची वाट तयार झालीच होती. तिच्यातूनच प्रोसेसर थांबवायची आणि फ्लॅश लिहायची सोय पुढे कंपन्यांनी करून घेतली.

चार तारा: टीसीके हे घड्याळ, टीएमएस दिशा दाखवणारी, टीडीआय आत जाणारी, टीडीओ बाहेर येणारी. पाचवी टीआरएसटी, असली तर. आत १६ अवस्थांचं एक यंत्र असतं आणि ते फक्त टीएमएसच्या तालावर चालतं. टीएमएस वर धरून पाच ठोके दिले की ते कुठेही असो, घरी परत येतं. मला ही युक्ती फार आवडते, हरवलात तर पाच वेळा टाळी वाजवा.

एकाचा टीडीओ दुसऱ्याच्या टीडीआयला, अशी अनेक चिपची माळ जोडता येते, आणि ज्या चिपशी बोलायचं नाही तिला एका बिटाच्या बायपासवर टाकता येतं. एकाच बोर्डावर एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं जोडता येणारी चिप) आणि प्रोसेसर असेल तेव्हा ही माळ फार उपयोगी. साध्या एका चिपच्या बोर्डावर तिचा उपयोग शून्य.

मग एसडब्ल्यूडी चांगलं की जेटॅग?

चिपमधला प्रोसेसर आर्म कंपनीचा कॉर्टेक्स-एम असेल तर एसडब्ल्यूडी. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एसडब्ल्यूडी हे आर्मचं. दोनच तारा: एसडब्ल्यूसीएलके आणि एसडब्ल्यूडीआयओ. दुसरी तार दोन्ही दिशांनी चालते. प्रोब (कॉम्प्युटर आणि चिप यांच्यामध्ये बसणारं डिबगिंगचं यंत्र) आठ बिटांची विनंती पाठवतो, मग तार सोडून देतो, चिप तीन बिटांत उत्तर देते (ठीक, थांब, किंवा चूक), आणि त्यानंतर ३२ बिट माहिती आणि एक पॅरिटी बिट, म्हणजे चूक पकडण्यासाठीचा जादा बिट. पॅरिटीमुळे वायरीतला गोंधळ बऱ्याचदा तिथल्या तिथे पकडला जातो. जेटॅगमध्ये ही सोय नाही, तिथे चुकीचा बिट बिनबोभाट पुढे जातो.

अनेक चिपमध्ये दोन्ही वाटा एकाच पिनांवर असतात. एसटीएम३२एफ१०३ मध्ये पीए१३ आणि पीए१४ या एसडब्ल्यूडीच्या पिना, त्याच जेटॅगच्या टीएमएस आणि टीसीके. चिप उठताना जेटॅगमध्ये असते. प्रोब टीएमएस वर धरून किमान ५० ठोके देतो, मग ई७९ई हा १६ बिटांचा आकडा, आणि ती एसडब्ल्यूडीवर येते. सॉफ्टवेअर हे स्वतः करतं, तुम्हाला कळतही नाही.

वेग म्हणाल तर फ्लॅश लिहिताना फरक जाणवत नाही, कारण वेळ फ्लॅशलाच लागतो. जेटॅग धरावं ते चिपची माळ असेल, बोर्डाच्या जोडण्या तपासायच्या असतील, किंवा चिपला एसडब्ल्यूडीच नसेल तेव्हा. अभ्यासक्रमात बरीच वर्षं असलेला एलपीसी२१४८ हा एआरएम७ (आर्मचाच जुना प्रोसेसर) आहे, त्याला जेटॅगच. तिथे एसडब्ल्यूडी शोधत बसू नका.

एटीमेगा३२ च्या पोर्ट सीच्या मधल्या चार पिना चालत नाहीत. चिप खराब आहे का?

नाही! हा प्रश्न मला अजून महिन्यातून एकदा तरी येतो. मी स्वतः कॉलेजात असताना रोबोटच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री याच कारणाने दोन चांगल्या चिपा फेकून दिल्या होत्या.

पीसी२ ते पीसी५ या जेटॅगच्या पिना आहेत आणि कारखान्यातून येताना जेटॅग चालू असतं. त्यामुळे तिथे लावलेला एलसीडी किंवा एलईडी वेड्यासारखा वागतो. हाय फ्यूज (फ्यूज म्हणजे चिपच्या कायम राहणाऱ्या सेटिंगचे बिट) ९९ असतो, तो डी९ करा, जेटॅग बंद. फ्यूजला हात लावायचा नसेल तर कोडच्या सुरुवातीला एमसीयूसीएसआर रजिस्टरमधला जेटीडी बिट लागोपाठ दोनदा एक करा. ‘लागोपाठ’ म्हणजे चार ठोक्यांच्या आत, म्हणून कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद असेल तर ही युक्ती कधीकधी फसते.

यूएसबीएएसपी प्रोग्रामरवरून नवीन एटीमेगा३२८पी सापडतच नाही. सिग्नेचर, म्हणजे चिपची ओळख, सगळी शून्य येते.

नवी चिप १ मेगाहर्ट्झवर धावते. आतलं घड्याळ ८ मेगाहर्ट्झचं, पण त्याला आठने भागणारा फ्यूज कारखान्यातून चालूच येतो. आयएसपीचं (चिप बोर्डावर असतानाच कोड टाकायची वाट) घड्याळ चिपच्या घड्याळाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवं, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्झच्या खाली. यूएसबीएएसपी नेहमी ३७५ वर बोलतो. चिपला ऐकूच येत नाही.

त्यावरचा ‘स्लो’ जंपर लावा, किंवा एव्हीआरड्यूड या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरला वजा बी १० हा पर्याय द्या. १ई ९५ ०एफ ही सिग्नेचर दिसली की गाडी रुळावर. १ई ९५ १४ आली तर तुमच्या हातात ‘पी’ नसलेली ३२८ आहे, दुकानदाराने दुसरीच दिली. चालेल ती, फक्त सॉफ्टवेअरला नाव बरोबर सांगा.

फ्यूज चुकून बाहेरच्या क्रिस्टलवर गेला आणि बोर्डावर क्रिस्टलच नाही, तर चिप मेली असं समजू नका. एक्सटाल१ वर दुसऱ्या कुठल्याही बोर्डातून चौकोनी लहर द्या, ती जागी होते, मग फ्यूज परत करा. रिसेट पिनच बंद करून टाकली असेल तर मात्र १२ व्होल्टवाला प्रोग्रामर लागतो.

एव्हीआर (एटीमेगाचं घराणं) डिबग करता येतो का? आयएसपीवरून तर फक्त कोड जातो.

बरोबर, आयएसपी ही फक्त लिहायची-वाचायची वाट आहे. ३२८पीमध्ये डिबगवायर आहे, तीही रिसेटच्या एकाच पिनेवर. पण तिचे नखरे फार. तिचा फ्यूज चालू केला की आयएसपी बंद होतं, आणि परत यायचं तर डिबगवायरमधूनच यावं लागतं. उनोवरचा तो ऑटो-रिसेटचा कपॅसिटर मध्ये येतो, म्हणून रिसेट-ईएन नावाचा जोड कापावा लागतो. ब्रेकपॉइंट (कोड जिथे थांबवायचा त्या खुणा) फ्लॅशमध्ये सूचना लिहून बसवले जातात, म्हणजे दर वेळी फ्लॅश थोडी झिजते, आणि तिची हमी १०,००० वेळा लिहिण्याची आहे. शिकायला ठीक, रोजच्या कामाला मी वापरत नाही.

नवीन टायनीएव्हीआर आणि एव्हीआर डीएक्स मालिकेत यूपीडीआय आलं. एकच तार, त्यातूनच प्रोग्रामिंग, त्यातूनच डिबगिंग. नुसता कोड टाकायचा असेल तर साधा यूएसबी-सिरियल अडॅप्टर पुरतो: आरएक्स थेट यूपीडीआयला, टीएक्स १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याच तारेला. नवीन काम एव्हीआरवरच करायचं असेल तर हीच मालिका घ्या.

पिक आणि ८०५१ चं काय?

पिक१६एफ८७७ए ला आयसीएसपी: एमसीएलआर, पीजीसी, पीजीडी, सप्लाय, ग्राउंड. एमसीएलआरवर सुमारे १३ व्होल्ट चढतात, म्हणून त्या पिनेवर थेट दुसरं काही जोडू नका. कमी व्होल्टेजवर प्रोग्रामिंगचा एलव्हीपी बिट चालू राहिला तर आरबी३ पिन साध्या कामाला मिळत नाही. तोही ‘पिन खराब आहे’वाल्या फोनांतला एक.

८०५१ मध्ये एटी८९एस५२ ला आयएसपी आहे, जुन्या एटी८९सी५१ ला नाही, ती काढून सॉकेटवाल्या प्रोग्रामरमध्ये बसवावी लागते. एस५२ चा रिसेट वर ओढल्यावर लागतो, एव्हीआरच्या उलट. एव्हीआरची वायरिंग तशीच उचलून लावणारे इथेच अडकतात. पी८९व्ही५१आरडी२ सिरियलवरून फ्लॅश मॅजिकने भरते. एस५२ ला डिबगर नाही. सिम्युलेटर आणि एलईडी, एवढ्यावरच भागवावं लागतं.

ईएसपी३२ ला जेटॅग लावलं आणि बोर्ड उठेनासाच झाला.

जीपीआयओ१२ बघा. मूळ ईएसपी३२ मध्ये जेटॅग १२ ते १५ या पिनांवर आहे आणि टीडीआय म्हणजे १२. हीच पिन उठताना फ्लॅशचा सप्लाय किती ते ठरवते. प्रोबने ती वर ओढून धरली की चिप समजते फ्लॅश १.८ व्होल्टची आहे. ती असते ३.३ ची. फ्लॅश वाचली जात नाही आणि बोर्ड रिसेटच्या फेऱ्यात अडकतो. एकतर प्रोब नंतर जोडा, किंवा ई-फ्यूजने व्होल्टेज कायमचं ३.३ ला बांधून टाका. ई-फ्यूज एकदाच जळतो, तेव्हा घाई करू नका.

एस३ आणि सी३ मध्ये एस्प्रेसिफने ही कटकटच मिटवली. चिपच्या आतच यूएसबीवर सिरियल आणि जेटॅग दोन्ही आहेत. एक केबल, बाकी काही नाही. बोर्डावर त्या यूएसबीच्या पिना बाहेर आणलेल्या आहेत ना, एवढं विकत घेताना पाहा. काही बोर्डांवर यूएसबीचं तोंड फक्त सिरियल चिपला जोडलेलं असतं.

प्रोब कोणता घेऊ? बजेट कमी आहे.

आधी चिप ठरवा, प्रोब नंतर. उलटं करणारे खूप भेटतात: मित्राकडे होतं म्हणून एसटी-लिंक (एसटीचा प्रोब) घेतला आणि मग एव्हीआरवर काम सुरू केलं.

कॉर्टेक्स-एमसाठी सुरुवातीला माझं उत्तर रास्पबेरी पाय पिको. २०२१ मध्ये तो ४ डॉलरला आला. त्यात प्रोबचं फर्मवेअर टाकायला प्रोग्रामरसुद्धा लागत नाही: बूटसेल बटण दाबून केबल लावा, पेनड्राइव्हसारखा दिसतो, फाइल ओढून टाका. जीपी२ वर घड्याळ, जीपी३ वर डेटा. तो सीएमएसआयएस-डॅप बोलतो, ही आर्मची खुली भाषा, त्यामुळे एका कंपनीच्या चिपशी बांधलेला नाही.

एसटी-लिंकच्या पत्र्याच्या पेटीतल्या नकला काही शे रुपयांत मिळतात आणि चालतात. फक्त पेटीवर छापलेली पिनांची नावं आणि आतला बोर्ड यांचा मेळ नसतो कधीकधी. पेटी सरकवून आतल्या बोर्डावर काय छापलंय ते एकदा बघाच.

सेगरचा जे-लिंक महाग, पण रोज आठ तास हेच काम असेल तर पैसे वसूल. विद्यार्थ्यांसाठी त्याची एज्यु आवृत्ती आहे, ती धंद्याच्या कामाला वापरायची परवानगी नाही.

सॉफ्टवेअरमध्ये ओपनओसीडी जवळपास सगळ्या प्रोबना चालतं. जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या एका विद्यार्थ्याच्या पदविका प्रबंधातून २००५ मध्ये ते निघालं. सुरू केलं की जीडीबी या डिबगरसाठी ३३३३ आणि टेलनेटसाठी ४४४४ हे पोर्ट उघडतं. टेलनेटमध्ये शिरून हाताने थांबव, वाच, चालव असं एकदा करून बघा, मग एडिटरमधल्या बटणांमागे काय होतं ते कळेल.

सगळं बरोबर जोडलंय तरी ‘टार्गेट सापडत नाही’ असंच येतं.

मी ज्या क्रमाने बघतो तो सांगतो. पहिलं ग्राउंड. हसू नका, निम्म्या वेळा तेच असतं. मग मल्टिमीटरने चिपच्या पायाशी सप्लाय मोजा, बोर्डाच्या तोंडाशी नाही. मग वायरी: वीतभरापेक्षा लांब जंपर असतील तर छोट्या करा आणि वेग ४ मेगाहर्ट्झवरून १०० किलोहर्ट्झवर आणा. मंद केल्यावर सापडली तर दोष वायरीत. डेटा आणि घड्याळ उलट लागलंय का, हेही तेव्हाच बघा.

इथपर्यंत सगळं ठीक, आणि काल चालणारा बोर्ड आज सापडत नाही? मग तुमच्याच कोडने दार लावलंय. पीए१३ किंवा पीए१४ साध्या आउटपुटला दिली असेल, किंवा चिप उठताक्षणी गाढ झोपेत जात असेल. रिसेटची तार प्रोबला जोडा आणि ‘रिसेटखाली जोड’ हा पर्याय निवडा. प्रोब चिपला रिसेटमध्ये दाबून धरतो आणि कोडची पहिली ओळ चालायच्या आत आत शिरतो. रिसेटची तार नसेल तर बूट० पिन वर करून चिप उठवा, तुमचा कोड चालतच नाही, मग पुसून टाका.

निळ्या एफ१०३ बोर्डावर ओपनओसीडी ‘अनपेक्षित आयडीकोड २बीए०१४७७’ म्हणून ओरडलं, तर चिप एसटीची नाही, नक्कल आहे. खऱ्याचा १बीए०१४७७ असतो. वर नाव काहीही छापलेलं असो.

पाच व्होल्टचा प्रोग्रामर ३.३ व्होल्टच्या बोर्डाला चालेल का?

नाही. एकदा स्वस्तातला यूएसबीएएसपी ५ व्होल्टवर राहिला आणि बोर्डावरचा ३.३ चा वायरलेस मॉड्यूल गेला. एटीमेगाला काहीच झालं नाही, ती ५ सहन करते. तिच्याच एसपीआयवर शेजारी बसलेला मेला. जंपर ३.३ वर हलवला तरी काही नकलांमध्ये फक्त सप्लायची पिन बदलते, डेटाच्या तारा ५ वरच राहतात. जोडण्याआधी मीटर लावून बघा.

आणखी एक घोटाळा: बऱ्याच चांगल्या प्रोबवर ‘व्हीटी-रेफ’ नावाची पिन असते. ती सप्लाय देत नाही, तुमच्या बोर्डाचं व्होल्टेज मोजते. ती मोकळी सोडली तर प्रोबला वाटतं बोर्ड बंद आहे.

दोनच ब्रेकपॉइंट लागतात, तिसरा लावला की एरर.

फ्लॅशमधल्या कोडवर हार्डवेअर ब्रेकपॉइंट लागतात आणि ते मोजकेच असतात. एआरएम७ मध्ये दोन, मूळ ईएसपी३२ मध्ये दोन, कॉर्टेक्स-एम० मध्ये जास्तीत जास्त चार, एफ१०३ च्या कॉर्टेक्स-एम३ मध्ये सहा. एडिटर ‘मेनपाशी थांब’ म्हणून त्यातला एक गुपचूप खातो, आणि एकेक ओळ पुढे जातानाही एक लागतो. वॉचपॉइंट वेगळे, ते मेमरीतल्या एखाद्या पत्त्याला कोणी हात लावला की थांबवतात. एखादा व्हेरिएबल कोण बिघडवतंय हे सापडत नसेल तर त्या पत्त्यावर वॉचपॉइंट लावा. लोक हे विसरतात आणि रात्र घालवतात.

मोटर चालू असताना ब्रेकपॉइंट लावला आणि मॉसफेट उडाले.

उडणारच. प्रोसेसर थांबला तरी टायमर थांबत नाही. पीडब्ल्यूएम (मोटरला करंट देणारे चालू-बंद ठोके) त्या क्षणी जिथे होता तिथेच राहतो आणि करंट सांभाळणारा लूप मात्र झोपलेला. वाइंडिंगमधून करंट वाढत जातो आणि मग तो ओळखीचा वास येतो. माझे सहा गेले आहेत, एकदम.

एसटीएम३२ मध्ये डीबीजीएमसीयू नावाचे बिट आहेत. ‘कोअर थांबला की अमुक टायमर थांबव’, ‘वॉचडॉग थांबव’, ‘झोपेतही डिबग चालू ठेव’ असं त्यातून सांगता येतं. टायमर थांबल्यावर आउटपुट बंद होतात की आहे त्या पातळीवर गोठतात, हे मात्र चिपच्या मालिकेनुसार बदलतं, म्हणून मॅन्युअलमधलं ते पान वाचल्याशिवाय पूर्ण सप्लाय देऊ नका. करंट मर्यादा असलेला बेंच सप्लाय अर्ध्या अँपिअरवर ठेवून सुरुवात करा. आणि खरं तर फिरत्या मोटरला थांबवायचंच नसतं, बघायचं असतं.

न थांबवता बघायचं कसं?

एसडब्ल्यूडीचा हा सगळ्यात छान भाग. प्रोब प्रोसेसरला न विचारता रॅम वाचू शकतो. सेगरची आरटीटी यावरच चालते: तुमचा कोड रॅममधल्या एका गोल बफरमध्ये अक्षरं टाकतो, प्रोब ती मागच्या दाराने उचलत राहतो. जास्तीची पिन लागत नाही, आणि छापायला मायक्रोसेकंदच जातात. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ मध्ये एसडब्ल्यूओ ही चिपमधून बाहेर माहिती पाठवणारी तिसरी तारही आहे, एम० मध्ये ती नाही.

सेमीहोस्टिंगपासून (डिबगरमार्फत कॉम्प्युटरवर छापायची पद्धत) जपून. त्यात दर छपाईला प्रोसेसर थांबतो. आणि तो कोड तसाच ठेवून बोर्ड गिऱ्हाइकाला दिला, तर प्रोब नसताना पहिल्याच छपाईला तो हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या चुकीच्या अवस्थेत, जाऊन बसतो. ‘माझ्या टेबलावर चालतं, तिकडे चालत नाही’ यामागे हे कारण मी तीनदा तरी पाहिलं आहे.

माझा कोड कोणी चोरू नये म्हणून लॉक करू का?

विकायचा माल असेल तर करा, पण शेवटच्या पायरीवर. एसटीएम३२एफ४ मध्ये तीन पातळ्या आहेत: शून्य म्हणजे उघडं, एक म्हणजे वाचता येत नाही आणि परत उघडलं तर सगळं पुसलं जातं, दोन म्हणजे जेटॅग-एसडब्ल्यूडी कायमचं बंद. दोनवरून परत येता येत नाही. त्या बोर्डात उद्या बग निघाला आणि तुमचा स्वतःचा बूटलोडर नसेल, तर चिप बदलणं एवढंच उरतं.

पातळी एकवर डोळे मिटून भरवसाही नको. एसटीएम३२एफ१ चं वाचन-संरक्षण आणि नॉर्डिकच्या एनआरएफ५२ चं कुलूप, दोन्ही फोडता येतात हे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं आहे.

माझ्या पीसीबीवर नक्की काय सोडू?

कॉर्टेक्स-एमसाठी पाच पॅड: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके, रिसेट. शक्यतो एका ओळीत, २.५४ मिलिमीटर अंतरावर, म्हणजे साधी हेडर पट्टी हाताने दाबून धरूनही काम होतं. जागा नसेल तर उघडे गोल ठिपके सोडा, स्प्रिंगच्या पिनांनी टेकवता येतात. प्रत्येक ठिपक्याशेजारी नाव छापा. वर्षभराने तो बोर्ड परत येईल तेव्हा ड्रॉइंग शोधत बसावं लागणार नाही. चौकोनी पॅड कोणता तेही ठरवून टाका. मी नेहमी ग्राउंडला चौकोन देतो.

या पिनांवर दुसरं काही लावायचा मोह टाळा. पिना कमीच पडत असतील तर एफ१०३ मध्ये जेटॅग बंद करून एसडब्ल्यूडी चालू ठेवता येतं, त्यातून पीए१५, पीबी३ आणि पीबी४ मोकळ्या होतात. आधी त्या वापरा.

दहा पिनांचा तो बारीक कनेक्टर लावला तर?

१.२७ मिलिमीटरचा कॉर्टेक्स कनेक्टर नीटनेटका आहे, साधा जे-लिंक त्यावर अडॅप्टरने बसतो. पण तो उलटा बसू नये म्हणून भोवती प्लास्टिकची भिंत असलेलाच घ्या, नुसत्या पिना नकोत. मी पहिल्या पन्नास बोर्डांवर चार पैसे वाचवायला नुसत्या पिना लावल्या. आता त्या प्रत्येक बोर्डावर एक नंबरच्या पिनेशी लाल मार्करचा ठिपका आहे, हाताने काढलेला.